रहमत मिस्त्रीचा वर्ग

घाटंजी, मंगळवार

प्रिय जेबा,

पाकिटावरचं अक्षर पाहून घाबरली नाहीस ना? घरी सगळं ठीक आहे. अम्मीचा गुडघा बरा आहे, शेळीला दोन पिल्लं झालीत आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आहेत, त्यामुळं रोज चार-पाच जळालेल्या मोटारी येऊन पडतात. वाईट काहीच नाही. उलट बातमी अशी आहे की तीन दिवस झाले माझं जेवणात लक्ष नाही आणि अम्मी सारखी म्हणते, "इत्ता उछलो मत, लोग क्या कहेंगे." ऐक तर! शनिवारी आणि रविवारी तुझ्या अब्बानं शिकवलं. खडू हातात घेऊन, फळ्यासमोर उभं राहून, पासष्ट मुलांना! नववीतून शाळा सोडलेल्या माणसानं! मुलं मला 'सर' म्हणत होती, बेटा. एका पोरीनं पहिल्यांदा 'सर' म्हणून हाक मारली, तेव्हा कोण सर आले म्हणून मीच मागं वळून पाहिलं.

सगळं पहिल्यापासून सांगतो. तुझ्या दहावीच्या भूमितीच्या वहीत मागची पानं कोरी सापडलीत, तेव्हा कागदाची काळजी नाही. बोलताना मी मले-तुले करतो आणि लिहायला बसलो की शाळेतली मराठी येते, तिला हसू नको. विद्यापीठातल्या स्पृहालाही मी बजावून ठेवलंय की ही बातमी जेबाला मीच देणार, तू मध्ये बोलायचं नाही.

विद्यापीठाची ती पांढरी गाडी शनिवारी पुन्हा आपल्या शाळेत आली, दोन दिवसांचं शिबिर घेऊन. ती पहिल्यांदा आली तेव्हा तू नववीत होतीस, आठवतं? गाडीच्या दोन्ही बाजू उघडल्या की आत प्रयोगशाळा. तू घरी आलीस ती थेट स्वयंपाकघरात शिरलीस आणि अम्मीचे सगळे कांदे सोलून टाकलेस, त्याच्या पातळ पापुद्र्यात घरं दिसतात म्हणून. अम्मी ओरडत होती आणि मी हसत होतो. मला वाटलं, आली गाडी, दाखवला खेळ, जाईल निघून. सरकारी-निमसरकारी माणसं आपल्या गावात फोटो काढण्यापुरती येतात, हा माझा अनुभव. पण ती गाडी दर दुसऱ्या शनिवारी येतच राहिली. विद्यापीठातली मुलं-मुली ताई-दादा होऊन यायची आणि आठ-आठ पोरांना घेऊन बसायची. स्पृहा तेव्हा स्वतः कॉलेजात होती, बारीक चणीची, चष्मेवाली. तिनं तुला आठवड्यासाठी व्होल्टेज मोजायचं मीटर घरी दिलं आणि तू दर तासाला दुकानात येऊन बोर्डावर ते लावत बसलीस. मग चौकोनी कागदावर रेघ काढून मला म्हणालीस, "अब्बा, दोनशे तीसची लाइन संध्याकाळी एकशे सत्तरवर येते. मोटार काहून नाही जळणार?" वीस वर्षं मी जळालेल्या मोटारींत नवी तार भरत होतो. त्या का जळतात ते मला माहीत होतं, पण कोणाला दाखवता येत नव्हतं. तुझा तो कागद मी भिंतीवर लावला. अजून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो.

आता एक कबूल करतो. दहावीनंतर विद्यापीठात राहून एकवीस दिवसांचं शिबिर होतं आणि आपल्या शाळेतून तुझी निवड झाली, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. शाळेतल्या साधनाबाई तीनदा घरी आल्या. बिचाऱ्या आता बदली होऊन महागावला गेल्या, पण त्या वेळी त्यांनी आपल्या दाराचा उंबरा झिजवला. मी म्हणायचो, पोरीची जात, सहा तासांचा रस्ता, ओळखीचं कोणी नाही. तू गुपचूप मोटारींची जळकी तार उकलत बसायचीस, तेच मला जास्त लागायचं. मग विद्यापीठानं आई-बापांनाच बोलावलं. या, आम्ही पोरांना कुठं ठेवणार ते डोळ्यांनी बघा, जायचं-यायचं आम्ही बघतो. मी गेलो, पण मनात खोट धरून गेलो. इतर पालक बाग बघत होते, मी खिशात टेस्टर घेऊन होस्टेलच्या न्हाणीघरात शिरलो. सुट्टी होती, इमारत रिकामी होती. गिझरखालच्या नळाला टेस्टर टेकवला तर दिवा लागला! अर्थिंगच नाही. ओल्या हातानं नळ धरला असता एखाद्या पोरीनं, तर काय झालं असतं? मी तिथंच रेक्टरबाईंना बोललो, जरा मोठ्यानंच बोललो. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, वायरमनला बोलावलं आणि म्हणाल्या, "भाऊ, बाकीचे अकरा नळही तुम्हीच बघून द्या." संध्याकाळपर्यंत सगळ्या गिझरांना अर्थिंग झालं, माझ्यासमोर. मी मनात म्हटलं, जे लोक घाटंजीच्या मिस्त्रीचं ऐकून घेतात, ते माझ्या पोरीचंही ऐकतील. तिथल्याच टेबलावर तुझ्या फॉर्मवर सही केली.

त्या एकवीस दिवसांनी तू बदललीस. परत आलीस तेव्हा जेवताना सारखी बोलत होतीस, आणि पहिल्यांदाच मला कळलं की बारावीनंतर अशी परीक्षा असते, तिचा फॉर्म अमुक तारखेच्या आत भरायचा असतो, शिष्यवृत्तीला कोणते दाखले लागतात, ते कोणत्या खिडकीवर मिळतात. तुझ्या आधी आपल्या मोहल्ल्यातली एकही मुलगी इंजिनीअरिंगला गेली नाही. पोरी कमी हुशार नव्हत्या. हे सांगणारंच कोणी नव्हतं. स्पृहानं दोन वर्षं दर रविवारी फोनवर तुझं गणित घेतलं. दाखल्यावर आडनावाची चूक निघाली तेव्हा तीच तहसीलला अर्ज कसा लिहायचा ते सांगत होती आणि मी लिहीत होतो. त्याच विद्यापीठात इंजिनीअरिंगला तू निवडली गेलीस त्या दिवशी मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला, वीजबिल वसुलीवाल्यालासुद्धा.

बरं, आता शनिवारचं. अकराच्या सुमारास मी एका मोटारीत कॉइल बसवत होतो, तर स्पृहा धावत दुकानात आली. ती आता विद्यापीठाच्या या गाडीच्या कार्यक्रमातच नोकरीला आहे, हे तुला माहीत आहेच. म्हणाली, "काका, चला ना! मोटार नुसती घूं घूं करतेय, फिरतच नाही. सगळी मुलं बसून आहेत आणि सरांना घाम फुटलाय." मी म्हटलं, "कंडेन्सर गेला असंन." पकड, पेचकस, टेस्टर पिशवीत टाकलं आणि निघालो. वाटेत मी तिला एक गोष्ट सांगितली. म्हटलं, "मी जेबाचा बाप आहे, हे तुह्या सरांले सांगू नको." ती चालता चालता थांबली. "का हो काका?" मी म्हटलं, "माह्या कामावरून ओळखू दे मले." तिनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि भरभर चालू लागली.

शाळेत गेलो तर तुमच्याच विभागातले अनंत सर. ते या कामात यंदाच आलेत, म्हणून त्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावर, बाह्या दुमडलेल्या, मोटारीसमोर उकिडवे बसलेले. मोटार पाहण्यासारखी होती. एका बाजूचं झाकण कापून काच लावलेली, आतलं सगळं दिसेल अशी. बटण दाबलं की नुसती गुरगुरायची. कंडेन्सरच होता, फुगून गेलेला. माझ्याकडं तसा दुसरा दुकानात होता. पण पासष्ट पोरं माझ्याकडं टक लावून बघत होती आणि मला काय वाटलं कोणास ठाऊक. मी सरांना म्हटलं, "कंडेन्सर नंतर टाकू. आधी पोरांले एक मज्जा दाखवू का?" पोरांना चार हात मागं सरकवलं, घरी असं कोणी करायचं नाही म्हणून दम दिला, मोटारीच्या चाकाला दोरी गुंडाळली, स्पृहाला बटण दाबायला सांगितलं आणि दोरी खेचली. मोटार फिरली! पोरांनी टाळ्या वाजवल्या. बंद केली, दोरी उलटी गुंडाळली, पुन्हा खेचली. मोटार उलटी फिरली! मग तर शाळा डोक्यावर घेतली त्यांनी.

पहिल्या रांगेत तमन्ना म्हणून एक पोरगी बसली होती. बसस्टँडजवळच्या इम्तियाज टेलरची, नववीत आहे. ती उठली आणि म्हणाली, "सर, मंग हिले स्वतःले माहीतच नाही का कोनीकडं फिरायचं?" हाच तो माझा पहिला 'सर'. मी म्हटलं, "नाही माहीत. पहिला धक्का जिकडून बसते, तिकडंच जाते मंग." ती म्हणाली, "काहून पण?" आता आली का पंचाईत! मी अनंत सरांकडं पाहिलं. त्यांनी काय करावं? खडू उचलला आणि माझ्यासमोर धरला. "तुम्हीच सांगा, मिस्त्री."

घेतला खडू. फळ्यावर काढलेला पहिला गोल वांग्यासारखा झाला. मग मी जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्याचं सांगितलं. दोन पैलवान पाळण्याला लागलेत, एक डावीकडं ढकलतो, एक उजवीकडं, दोघांचा जोर सारखा. पाळणा नुसता थरथरतो, जागचा हलत नाही. हीच आपल्या मोटारीची गुरगुर. तिसऱ्या कोणी तरी एका बाजूनं हात लावला की पाळणा चालायला लागतो, आणि एकदा चालला की त्या बाजूच्या पैलवानाचा जोर बरोबर लागू पडतो, दुसऱ्याचा वाया जातो. तो तिसरा माणूस म्हणजे कंडेन्सर. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, पण दुकानात मागताना कंडेन्सर मागायचा. पोरं हसली. तमन्ना हसली नाही, ती वहीत दोन पैलवान काढत होती. अनंत सर मुलांना म्हणाले, "मी हेच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला दोन आठवडे शिकवतो, आणि तरी अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून जातं." मग त्यांनी टाळी वाजवली. एवढा शिकलेला माणूस, जेबा! माझ्यासाठी!

रविवारी सगळं शिबिरच दुकानात आलं, दहा-दहा जणांच्या टोळ्या करून. सकाळी अम्मीनं दुकान झाडून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. मी पोरांना जळकी मोटार उघडून दाखवली आणि म्हटलं, हिला विचारा कशानं जळली. तीनपैकी दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आणि एक जशीच्या तशी असेल, तर समजायचं एक फेज गेला होता आणि मोटार तशीच चालत राहिली. सगळ्या काळ्या असतील तर कारण दुसरं. अनंत सर उलट्या बादलीवर बसून डायरीत लिहून घेत होते. तमन्नानं तारेखाली बसवायचा कागद खाचेत घालून पाहिला, आणि पहिल्याच खेपेला बरोबर बसवला. बारीक बोटं, न घाबरणारी. मला कोणाची आठवण झाली असेल, ते तुला सांगायला नको.

पोरं चहा-बिस्किटांसाठी बाहेर गेली तेव्हा सर आणि मी दोघंच होतो. ते सहज म्हणाले, "आमच्याकडं घाटंजीची एक मुलगी आहे, सेकंड इयरला. जेबा शेख. ओळखता का?" मी खाली वाकून पेचकस शोधायला लागलो. पेचकस माझ्या हातातच होता. मी म्हटलं, "गाव लहान आहे, सर. नाव ऐकलं आहे." ते सांगू लागले. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या धाकानं गप्प बसायची म्हणे. मग संध्याकाळच्या त्या जादा वर्गाला जायला लागली, जो तुमच्यासारख्या गावाकडून आलेल्या मुलांसाठी याच कार्यक्रमातून चालतो. आता समजलं नाही तर सरळ उभी राहून विचारते. "आणि मशीन उघडायची वेळ आली की बाकीचे मागं सरतात, ही पुढं येते. हिचा हात असा चालतो मिस्त्री, की मला कळत नाही ही कुठून शिकून आली." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, बेटा. दातांखाली धरून ठेवलं.

आता खरी बातमी. मार्चमध्ये तुमच्या विभागात दोन दिवसांची कार्यशाळा ठरलीय. घाटंजी, महागाव, ढाणकीकडची शाळेतली पोरं गाडीत घालून विद्यापीठात नेणार आणि कॉलेजच्या मुलांसोबत एकाच टेबलावर बसवणार. जळकी मोटार उघडायची, कारण शोधायचं, नवी भरायची. आणि शिकवणार कोण? रहमत मिस्त्री! सोमवारी सकाळी मोबाइलवर पत्र आलं, विद्यापीठाच्या शिक्क्याचं. 'श्री. रहमत शेख, तज्ज्ञ मार्गदर्शक.' मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दोन प्रती काढल्या. एक अम्मीनं निकाहनाम्याच्या पाकिटात ठेवून दिली, दुसरी खिशात घेऊन मी दीड दिवस गावभर फिरलोय. तो कॉलेजचा वर्ग कोणता, हे पत्राच्या खालच्या ओळीत आहे. विद्युत विभाग, द्वितीय वर्ष.

सोमवारी संध्याकाळी इम्तियाज दुकानात आला. तमन्नाचं नावही त्या यादीत आहे आणि तो सही करायला तयार नव्हता. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलला, मग म्हणाला, "रहमतभाई, तुमी तं पाठवली पोरगी. खरं सांगा, शिकून-सवरून मोठी झाली तं आपल्याले ओळखन का ते?"  हातातली तार मी दोनदा चुकीच्या खाचेत घातली. मग म्हटलं, "एखाद्या दिवशी नाही ओळखणार, इम्तियाज. नव्या लोकांत असंन, घाबरली असंन. तरी पाठव."  मग त्यानं खिशातून फॉर्म काढला, माझ्याच काउंटरवर ठेवला आणि सही केली.

तेव्हा आता ऑगस्टातलं लिहितो. आपण दोघांनीही आजवर ते तोंडातून काढलं नाही. तुला ताप येऊन गेला होता, म्हणून अम्मीनं जवसाची चटणी आणि लाडू दिले होते. मी दुकानातून उठलो तसाच बसमध्ये बसलो. शर्टावर वार्निशचे डाग, हात काळे. न कळवता आलो, ही माझी चूक. तू तिघी मैत्रिणींबरोबर गेटातून बाहेर येत होतीस. त्यातल्या एकीनं विचारलं, कोण गं हे? आणि तू म्हणालीस, "गावाकडचे आहेत. अब्बांनी सामान पाठवलंय." मी पिशवी पुढं केली आणि म्हणालो, "हो ताई, तुमच्या अब्बांनीच पाठवलं." पिशवी घेताना तुझी बोटं गार पडली होती, ते मला कळलं. मी परतीची बस धरली. अम्मीला सांगितलं, आम्ही दोघांनी कँटीनमध्ये चहा घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात आहे असं अम्मीला सांगायला लावलं. मी अम्मीच्या शेजारीच बसलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत प्रोजेक्ट आहे म्हणून तू आली नाहीस. दर रविवारी अम्मीशी अर्धा तास बोलतेस आणि माझ्याशी 'हो अब्बा, बरं अब्बा'. लागलं होतं मला, खोटं कशाला लिहू. पण रागावलो नाही. का, ते सांगतो.

तुझे दादा, म्हणजे माझे अब्बा, जमीर पिंजारी, गाद्यांचा कापूस पिंजायला दारोदार जायचे, हे तुला माहीत आहे. मी सातवीत असताना शाळा सुटली आणि ते समोरून येत होते. खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी, दाढीत, भुवयांत, सगळीकडं कापूस. पोरं हसली. एकानं विचारलं, तुहा बाप आहे ना बे? मी म्हटलं, नाही. त्यांनी ऐकलं. तसेच पुढं निघून गेले, आणि त्यानंतर मी शाळा सोडेपर्यंत त्या रस्त्यानं कधी आले नाहीत. लांबच्या गल्लीतून वळसा घालून जायचे. पुढं तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. त्यांना शेवटचं पाणी मीच पाजलं. पण ते त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. रोज वाटायचं, आज सांगू. राहून गेलं.

म्हणून हे पत्र, जेबा. आपल्याकडून राहून जायला नको. मार्चमध्ये मी येणार आहे, ते पक्कं आहे. तुला अवघड होईल म्हणूनही मी थांबणार नाही, कारण एवढा आनंद मला दुकान उघडलं त्या दिवशीही झाला नव्हता आणि तो मी कोणासाठी सोडणार नाही. नवा शर्ट शिवायला टाकलाय इम्तियाजकडं, पण हात काळेच राहतील, ते काही निघत नाहीत. अनंत सरांना मी अजून सांगितलेलं नाही. तू सांगशील तसं होईल. नाही सांगायचं, तर घाटंजीचा मिस्त्री येईल, शिकवील आणि आपल्या गाडीनं परत येईल, आणि माझ्या मनात काही राहणार नाही, कसम. फक्त एकच गोष्ट मला आधी कळायला हवी. तू तुझ्या टेबलाशी उभी असशील, सगळ्यांच्या पुढं, आणि शिकवता शिकवता मला तुझ्या हातातली तार मागावी लागेल. तेव्हा मी 'ताई' म्हणू की 'बेटा'? फोनवर सांगू नको. फोनवर तू मला बरं वाटावं म्हणून घाईनं 'बेटा' म्हणशील. नीट विचार कर, तुला खरंच जे पाहिजे ते कागदावर लिही आणि पोस्टात टाक. मी वाट पाहतोय.

तुझाच,
अब्बा